चिवड्याच्या वाडग्यातलं पाणी

काकू, मिस्टर वेईंनी तुमच्यासाठी एक निरोप दिला आहे. निरोप अगदी छोटा आहे, आणि मी तो जसाच्या तसा पोचवणार आहे. पण तो नीट कळायचा तर गेल्या रविवारी लायब्ररीत काय झालं ते सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर पार चिवड्यापासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही म्हणायचात, "प्रकाश, तुझी गोष्ट करमाळ्याहून निघते, आणि इथे श्रूजबरीला पोचेपर्यंत चहा गार होतो." होऊ दे गार. आता तुम्हाला कुठे जायची घाई आहे?

तर चिवडा. २००१ ची दिवाळी. मला अमेरिकेत येऊन चार महिने झाले होते. तुमच्या घरी मंडळाचा फराळ होता, चाळीस माणसं येणार म्हणून साठ आली होती, आणि भांडी कमी पडली. स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं, "अहो, आतून एखादं मोठं भांडं आणा कुणीतरी!" मी कुणालाच ओळखत नव्हतो. काहीतरी काम मिळालं याचाच आनंद झाला. मागच्या खोलीत गेलो तर कार्पेटवर सात पांढरेशुभ्र वाडगे लहानमोठे ओळीने मांडलेले. मला वाटलं, श्रीमंत घर आहे, भांडी जमिनीवर मांडायची पद्धत असेल. सगळ्यांत मोठा उचलला, पेपर टॉवेलने स्वच्छ पुसला आणि त्यात दोन पिशव्या पातळ पोह्यांचा चिवडा ओतून टेबलावर नेऊन ठेवला.

तुम्ही आलात, पाहिलंत आणि थांबलात. मला कळेना, चिवड्यात असं काय आहे.

तुम्ही रागावला नाहीत. चिवडा पातेल्यात उपसलात, तळाशी मूठभर राहू दिलात. मग आतून कातडं गुंडाळलेला एक दांडा आणलात आणि तो वाडग्याच्या काठावरून सावकाश गोल फिरवू लागलात. आधी काहीच नाही. मग खोलीच्या भिंतींतूनच यावा तसा एक आवाज आला, वाढत गेला, आणि वाडग्यातले शेंगदाणे थरथरायला लागले. पोहे कडेकडेने सरकले. दोन डाळ्या टुणकन उडाल्या. लहान मुलं किंचाळली.

"कळलं का हे काय आहे?" तुम्ही मला विचारलंत.

"नाही."

"मलाही अजून नीट कळलेलं नाही. मंगळवारी ये."

एवढीच आपली ओळख. पुढे कळलं की तुम्ही तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करून रिटायर झाला होता, काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि एक योगा स्टुडिओ बंद होत होता तिथून ते स्फटिकाचे वाडगे तुम्ही उचलून आणले होते. का, असं मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही भांडी घासत होता. "घर फार गप्प झालं होतं रे," एवढंच म्हणालात आणि नळ मोठा केलात. त्या सात वाडग्यांतल्या सगळ्यांत मोठ्याचं नाव मात्र कायमचं 'चिवड्याचा वाडगा' पडलं. मिस्टर वेईसुद्धा त्याला 'चिवडा' म्हणतात. त्यांना तो स्वराचा भारतीय शब्द वाटतो, आणि आपण दोघांनी सहा वर्षांत ती चूक सुधारली नाही.

मिस्टर वेई भेटले ते भिंतीमुळे. चर्चच्या तळघरात दर रविवारी तुमची मराठी शाळा भरायची आणि पलीकडच्या खोलीत चिनी शाळा. तुमच्या वर्गात मी मदतीला यायचो. तुम्ही फळ्यावर 'ळ' काढत होता, मुलं "बट व्हाय, आजी?" करत होती, आणि पलीकडून तारांचा आवाज आला. तुमचा खडू थांबला.

"अरे, हा माणूस भूप वाजवतोय!"

तुम्ही वर्ग तसाच सोडून निघालात, मागून मी, मागून अकरा मुलं. पलीकडे एक काटकुळे गृहस्थ माणसाइतक्या लांबीच्या लाकडी वाद्यासमोर ताठ बसले होते. एकवीस तारा, प्रत्येक तारेखाली एक उंच घोडी, बगळ्यांची रांग उडावी तशा तिरक्या ओळीत. गुझेंग. तुम्ही ओळख नाही, पाळख नाही, सरळ त्यांच्यापुढे उभं राहून सा रे ग प ध गायला लागलात. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग तेच पाच स्वर तारांवरून परत दिले. मग तुम्ही अवरोह केलात. तोही परत आला. अकरा मुलं तोंड उघडं ठेवून बघत होती. त्या दिवशी 'ळ' राहिला तो राहिलाच. त्यातली काही मुलं अजून 'शाला' म्हणतात.

पुढच्या आठवड्यात ते वाद्य घेऊन तुमच्या घरी आले. तुमच्या सात वाडग्यांतले पाच त्यांच्या पाच स्वरांशी जुळण्यासारखे होते, दोन घरी बसवावे लागले. पण जुळण्यासारखं असणं आणि जुळणं वेगळं. वाडगा हा वाडगा. त्याला ना खुंटी, ना पट्टी. त्यामुळे गुझेंगच्याच एकवीसच्या एकवीस घोड्या सरकवाव्या लागल्या. मिस्टर वेई तासभर वाकून बसले होते. तुम्ही चहा करत होता. मी कोपऱ्यात उभा होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती सहावी तार ढिली आहे."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मिस्टर वेईंनी सहावी तार छेडली, मान हलवली, घोडी केसभर सरकवली.

"तू गाणं शिकलायस?" तुम्ही विचारलंत.

"नाही हो. मला संगीतातलं काही येत नाही."

"मग हे कसं कळलं?"

मला सांगायची लाज वाटत होती. इथे आल्यावर मी 'वडिलांचा छोटा बिझनेस आहे' असं म्हणायचो. पण तुमच्या डोळ्यांसमोर खोटं बोलणं कठीण होतं. सांगितलं, की करमाळ्यात वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चाकाचा आऊट काढताना ते तारा बोटाने छेडत जातात. सगळ्या सारख्या वाजल्या की चाक सरळ. एखादी बद्द वाजली की ती ढिली. शाळेतून आल्यावर ते काम माझं असायचं.

तुम्ही ते सगळं मिस्टर वेईंना इंग्रजीत सांगितलंत. मी जमिनीकडे बघत होतो. ते उठले, दोन पावलं पुढे आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "युवर फादर, म्युझिशियन." ते मी त्या रविवारी फोनवर दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "लाइन गेली का रे?" काकू, त्यानंतर मी कधीही 'छोटा बिझनेस' म्हटलेलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

एकवीस तारा जुळल्या, चार वाडगे जुळले, पण चिवड्याचा वाडगा जुळेना. तो किंचित चढा होता. आणि तोच आपला सा. मिस्टर वेई म्हणाले, एका वाडग्यासाठी सगळ्या तारा चढवल्या तर बाकीचे चार बिघडतील. गुझेंगवर घोडीच्या डाव्या अंगाला तार दाबली की स्वर वर चढतो, सतारीवर मींड काढतात तसा. पण दर वेळी दाबून सा लावायला त्यांची तयारी नव्हती. "सा दाबून आणत नाहीत, तो घरात असावा लागतो," अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मग काय, करवतीने कापू?"

तेव्हा मला आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातले भोसलेसर आठवले. टेबलावर चिनीमातीच्या वाट्या मांडून, चमच्याने थेंबथेंब पाणी घालत ते जलतरंग लावायचे. मी भीतभीत म्हटलं, "काकू, पाणी घालून बघायचं का?"

तुम्ही मसाल्याच्या डब्यातली वाटी घेऊन पळालात. पाऊण वाटी, नाही. एक वाटी, जवळ. एक वाटी आणि दोन चमचे, आणि चिवड्याचा वाडगा उतरून अलगद तारेवर येऊन बसला. दोन स्वरांमध्ये जी थरथर येत होती ती एकदम निवली. वाडग्यातल्या पाण्यावर काठाशी बारीक जाळी उमटली आणि थेंब नाचायला लागले. तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की मिस्टर वेईही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही तो दांडा माझ्या हातात दिलात. "आता 'मला येत नाही' हे वाक्य या घरात बंद."

मला खरं शिकवलंत ते मात्र पुढच्या वर्षी, माझी नोकरी गेली तेव्हा. कंपनीने आमचा अख्खा ग्रुप एका सकाळी घरी पाठवला. व्हिसाची टांगती तलवार, आणि मी घरी कळवलंच नव्हतं. तुम्हालाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. फोन आला, "उद्यापासून रोज दहाला माझ्याकडे यायचं. ऑफिससारखं. शर्टाला इस्त्री पाहिजे. डबा आणायचा नाही."

मी इस्त्रीचा शर्ट घालून सात आठवडे तुमच्या मागच्या खोलीत येत होतो. सकाळी दोन तास कॉम्प्युटरवर अर्ज, मग वाडगे. घाई केली की दांडा खडखडायचा आणि तुम्ही म्हणायचात, "अरे, कणीक तिंबतोयस का? हात हलका. तो स्वतः येतो, तू फक्त वाट दे." जेवायला तुमच्या हातचं वरण, आणि जेवताना नोकरीचा विषय नाही.

आणि मग तो दिवस. मी चिवड्याचा वाडगा वाजवत होतो, चांगला भरून आला होता, आणि माझा मोबाइल वाजला. तुमचा नियम असा की वाजलेला वाडगा हाताने थांबवायचा नाही. तो आपला आपण विरायला हवा, मग दारावर कुणी येवो. त्या दिवशी मी काही करायच्या आत तुम्ही खुर्चीतून उठलात आणि पंजा थाडकन वाडग्यावर ठेवलात. आवाज तुटला. "उचल!" तुम्ही म्हणालात. माझ्या आताच्या नोकरीचा तो पहिला फोन. मी बोलत होतो तेवढा वेळ तुमचा पंजा वाडग्यावर तसाच होता.

मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. एकदा प्रयत्न केला होता. तुम्ही म्हणालात, "आभार मंडळाच्या सेक्रेटरीला मानू दे, त्याला तेवढंच काम असतं."

तुमचं आणि मिस्टर वेईंचं भांडण मात्र याच नियमावरून होतं. आपण तिघं दरवर्षी लायब्ररीच्या हॉलमध्ये जो कार्यक्रम करायचो, त्याचा शेवट चिवड्याच्या वाडग्याने व्हायचा. मिस्टर वेईंचं म्हणणं असं, की वाडगा भरून आला की तो हाताने थांबवायचा, क्षणभर काहीच नको, आणि मग त्या रिकाम्या जागेत त्यांची एक शेवटची तार. "रिकामं हासुद्धा स्वर आहे, मॅडम. तुमचा वाडगा थांबत नाही, मग मी तो ठेवू कुठे?"

तुमचं उत्तर ठरलेलं. "मिस्टर वेई, तुम्ही प्रेशर कुकर वापरता ना? त्याची वाफ जबरदस्तीने काढली तर भात कच्चा राहतो. कुकर आपोआप पडू द्यावा."

"धिस इज नॉट राइस."

"एव्हरीथिंग इज राइस!"

दुसरं भांडण चंद्राचं. त्यांच्या सणाची पौर्णिमा आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येते. कुठल्या चंद्राला कार्यक्रम करायचा? शेवटी ठरलं, एक वर्ष त्यांचा चंद्र, एक वर्ष तुमचा. चंद्र कुणाचाही असो, लायब्ररी पाचला बंद व्हायची, त्यामुळे आपला चांदण्यांचा कार्यक्रम नेहमी भर दुपारी तीनला झाला. आणि तोडगा असा, की त्यांच्या वर्षी वाडगा हाताने थांबायचा, तुमच्या वर्षी आपोआप. पण तुम्ही, काकू, त्यांच्या वर्षीही हात इतका सावकाश न्यायचात की वाडगा तोवर विरलेलाच असायचा. मिस्टर वेई मला बाजूला घेऊन म्हणायचे, "शी चीट्स."

तरी काय दुपारी होत्या त्या! पहिल्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं, त्यातले निम्मे तुमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप. मिस्टर वेई मधल्या तुकड्यात एर्हू घ्यायचे, ते मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं दोन तारांचं वाद्य. ते गाणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखं हलकं कापायचं, आणि तुम्ही खालून एकच वाडगा धरून ठेवायचात, तिला बसायला पाट द्यावा तसा. मुलं पुढे येऊन वाडग्यातलं नाचणारं पाणी बघायची. शेवटी मसाला दूध आणि मिसेस वेईंचे मूनकेक. कोजागिरीच्या वर्षी त्या महिनाभर आधीचे मूनकेक फ्रीझरमधून काढून आणायच्या आणि तुम्ही ते प्रसादासारखे वाटायचात.

यंदा तुमचा चंद्र होता. पंधरा दिवस आधी फोनवर तुम्ही म्हणालात, "या वर्षी मी म्हातारीने वाडगा सोडला की दहापर्यंत मोजत बसा सगळे." मी हसत हसत म्हटलं, "काकू, खरं सांगू? मला वाटतं मिस्टर वेईंचं बरोबर आहे. शेवट हाताने केलेला जास्त चांगला वाटतो."

"तू फितूर झालास!"

"तुम्ही स्वतः एकदा थांबवला होता. माझ्या फोनसाठी."

तुम्ही म्हणालात, "ते वेगळं. ते आपण हॉलमध्ये भांडू." फोन ठेवलात.

तीन दिवसांनी तुमच्या लेकीचा, मीराचा फोन आला. झोपेतच गेलात, कुणाला त्रास न देता. पेपरवाल्याने दोन दिवसांचे पेपर दाराशी बघून शेजाऱ्यांना सांगितलं होतं. ती बेलव्ह्यूहून आली, मी विमानतळावरून तिला घेऊन आलो, आणि तुमच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं सात वाडग्यांसमोर बसलो. मी म्हटलं कार्यक्रम रद्द करू या. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आर यू किडिंग? कॅन्सल केलं तर आई विल हॉन्ट ऑल ऑफ अस. अँड शी वोन्ट बी क्वायट अबाउट इट." आम्ही इतके हसलो की शेजारच्या बाई काळजीने डोकावल्या.

वाडगे मी वाजवायचे ठरलं. तालमीत मी मिस्टर वेईंना विचारलं, शेवट कसा करू? थांबवू की सोडू? ते तारा पुसत होते. "तिचा चंद्र," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण ती नाही." मग, "तुला कळेल." मला काही कळत नव्हतं. थांबवला तर तुमच्या वर्षी तुमचा शब्द मोडल्यासारखं. सोडला तर जे मला मनापासून पटत नाही ते केवळ तुम्ही गेलात म्हणून केल्यासारखं. आणि मेलेल्या माणसाला असं जिंकू दिलेलं तुम्हाला मुळीच आवडलं नसतं.

रविवारी हॉल भरला. मराठी शाळेची जुनी मुलं आली होती, काही आता कॉलेजात. मीरा पहिल्या रांगेत तुमची हिरवी शाल घेऊन. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाकी सगळं कसं झालं मला आठवत नाही, पण बरं झालं असावं, कारण एर्हूच्या वेळी एकही खुर्ची करकरली नाही. मग शेवट आला. मी दांडा चिवड्याच्या वाडग्यावर ठेवला, हात हलका, वाट दिली, आणि तो आला.

चढा! वाडगा चढा लागला होता. मी आत पाहिलं. कोरडा ठणठणीत. एक वाटी दोन चमचे पाणी घालायला मी विसरलो होतो. वाटी तिथेच माझ्या शेजारी होती, भरलेली. सहा वर्षांत एकदाही न झालेली चूक, आणि ती आज. आवाज वाढत होता, सगळ्या हॉलभर बेसूर होत होता. आता थांबवायचं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता, चूक झाकायची तर पंजा ठेवायलाच हवा होता. मी हात उचलला.

मिस्टर वेईंनी मान हलवली. नाही.

हात वरच राहिला. दांडा मी बाजूला घेतला होता, वाडगा आपला आपण वाजत होता. त्यांनी डोळे मिटले आणि वाट बघितली. इतकी वाट त्यांनी तुमच्यासाठी कधी बघितली नाही. वाडगा उतरत गेला, बारीक झाला, इतका की मला वाटलं संपला. तेव्हा त्यांनी उजव्या हाताने साची तार छेडली आणि डाव्या हाताने ती दाबली. जे ते सहा वर्षं नाही म्हणत आले होते ते. तार हळूहळू चढत गेली, चढत गेली, आणि जिथे तुमचा कोरडा वाडगा होता तिथे जाऊन त्याला टेकली. थरथर निवली. दोन्ही आवाज एकत्र विरले. नेमके कधी ते कुणालाच सांगता आलं नसतं. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवेना. शेवटी एका छोट्या मुलीनेच मोठ्याने विचारलं, "इज इट ओव्हर?" आणि मीरा म्हणाली, "नॉट येट," आणि सगळे हसले, आणि मग टाळ्या.

मी मिस्टर वेईंकडे जाऊन माफी मागितली. पाणी विसरलो म्हटलं. ते म्हणाले, "आय नो. आय सॉ बिफोर वुई स्टार्ट." कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्यांनी ते पाहिलं होतं, काकू. बोलले नाहीत.

मसाला दूध झालं, गोठलेले मूनकेक झाले. तुमच्या पद्धतीचा चिवडा मीराने केला होता, जरा तिखट झाला होता. मिस्टर वेई हातात कागदी वाटी घेऊन माझ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी तो निरोप दिला. "टेल हर, ओके," ते म्हणाले. मग बोट वर करून, "बट ओन्ली धिस टाइम."

मी म्हटलं, सांगतो, पण काकू ऐकायच्या नाहीत.

"आय नो," ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा चिवडा घ्यायला गेले.